दांड्याची घट

निंभोऱ्याला स्टेशन रोडवर माझी खोली:
एक खाट, दोन वजनकाटे, धरायला भिंतीत ठोकलेला पाइप.
उखर्डू तायडे आला तो दारातच थांबला.
सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालेला पाय,
भट्टीत पिकवलेल्या केळासारखा पिवळट, मऊ, साल सुटत आलेली.
बोटांच्या बेचक्यांत मात्र चिकाचा काळा डाग जुनाच,
तो काही प्लास्टरला हटला नव्हता.

"वझं मी मानेवर घेतो, बाई.
पायाले काय त्याचं?"

पावतीच्या पाठीवर मी काढून दाखवलं:
ही नडगी, ही तिच्या शेजारची बारीक काडी,
दोघींचा मिळून खाली एक चिमटा,
चिमट्यात बसलेलं एक हाड.
मुठीपेक्षा लहान. त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही.
आपल्या मनानं ते हलत नाही,
वरून नडगी रेटते, खालून टाच रेटते,
आणि सगळ्या अंगाचं वजन त्याच्या पाठीवरून
थोडं टाचेला, थोडं चवड्याला वाटलं जातं.

"हमालच की," उखर्डू म्हणाला,
"अन् मुकादम दोन."

पुढून ते रुंद आहे, मागून निमुळतं.
पाऊल वर दुमडलं की रुंद बाजू चिमट्यात घुसते,
कवाड चौकटीत गच्च बसतं.
चवडा खाली गेला की निमुळती बाजू येते,
कवाड खुळखुळतं.
पडलास तेव्हा मानेवर घड होता?

नव्हता.
घड ट्रकात देऊन फळीवरून खाली येत होता,
चवडा खाली, तोंडात बिडी, फळीवर ओलं पान.
तीस किलो घेऊन दिवसभर चढला, काही झालं नाही.
"रिकामं चालाले कोनी शिकोलंच नाही," असं म्हणून
तो खिडकीकडे बघत राहिला.
मालगाडी जाईपर्यंत मीही काही बोलले नाही.

त्या हाडाखाली अजून एक सांधा आहे.
त्याचं नाव मी सांगितलं नाही, नावानं तो काही बरा होत नाही.
तो वरखाली जात नाही, कलतो.
बागेत ठिबकच्या नळीवर पाय पडला,
ढेकूळ फुटलं, सरीचा काठ खचला,
डोक्याला कळायच्या आधी तो टाच आत घेतो, बाहेर सोडतो.
मानेवरच्या घडाला खबरही नसते.

आणि तळवा. टेकताना तो सैल,
जमीन कशी आहे ते चाचपत पसरतो.
उचलताना त्याला ताठ व्हावं लागतं,
तेव्हा अंगठा वर वळतो, तळव्यातली दोरी ताणते,
पायथ्याशी अदवण ओढली की बाजेचा झोळ जातो, तशी कमान उठते.
अदवण म्हटल्यावर त्याला सगळं कळलं.
घरच्या दोन्ही बाजा तोच विणतो.

मग त्याचं नाव कसं पडलं ते त्यानं सांगितलं.
आधीची दोन गेली, म्हणून आईनं याला
जन्मल्या दिवशी उकिरड्यावर टेकवलं
आणि लगेच उचललं.
"टेकनं अन् उचलनं. तुमीबी तेच सांगू राह्यल्या."

पहिल्या दिवशी दुखऱ्या पायावर दहा किलो द्यायचे होते.
त्यानं चार दिले, घाम पाचशे मीटर पळाल्यासारखा.
दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, काट्याकडे बघू नकोस.
डोळे मीट. अठरा किलोचा घड आठव,
मानेवर नाही, घोट्यावर घे.
त्यानं पाइप सोडला.
मान थोडी डावीकडे कलली, सवयीनं,
गुडघा पुढे आला, टाच बसली,
बोटं एकेक करून पसरली, करंगळी सगळ्यांत शेवटी.

काटा अठरावर.
किंचित हलला, पुन्हा अठरा.

डोळे न उघडता त्यानं विचारलं,
"बाई, यात दांड्याची घट धरली का?"